अभिजात ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारगाड्या : एंजिनबदल व दंतचक्र पेटीबदल

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीतील उत्पादकाने बसविलेले एंजिन, किंवा व्यवहारात गिअरबॉक्स म्हणून ओळखली जाणारी दंतचक्र पेटी, अथवा ही दोन्ही काढून त्यांच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या गाडीतील एंजिन वा पेटी बसविण्याच्या क्रियेस एंजिनबदल व दंतचक्र पेटीबदल असे म्हणतात. झिजलेल्या एंजिनाचे सिलिंडर पुन्हा कातून नवे दट्ट्ये घालणे किंवा त्याच नमुन्याचे दुसरे एंजिन बसविणे ही दुरुस्ती होय. तिचा यात समावेश होत नाही. अभिजात ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारगाड्या या संज्ञेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सु. ३५ वर्षांत ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एम्‌जी, ट्रायंफ, ऑस्टिन-हीली, मॉर्गन, सनबीम, जॅग्वार इ. हलक्या, बहुधा दोन आसनी व उघड्या गाड्या येतात. त्यांची मांडणी साधी असते. एंजिन पुढे व उभे, त्याला मागून जोडलेली दंतचक्र पेटी, तिच्यापासून मागील आसापर्यंत जाणारा प्रचालक दंड आणि मागील चाकांना मिळणारी चालना, अशी ही रचना असून सर्व भाग बोल्टने जोडलेले व हाताला लागणारे असतात. एक भाग काढून त्या जागी दुसरा बसविण्याचा मोह या मांडणीमुळेच होतो.

या गाड्यांच्या ‘मूळ’ एंजिनाविषयी पुष्कळदा जो आदर व्यक्त होतो, तो थोडा तपासून घेतला पाहिजे. यांपैकी बहुतेकांची एंजिने खास त्यांच्यासाठी घडविलेली नव्हती. एम्‌जी टीसी (१९४५–४९) व टीडी (१९५०–५३) यांतील १,२५० घ. सेंमी.चे एक्सपीएजी एंजिन मॉरिस टेन या साध्या कुटुंबगाडीच्या एंजिनापासून काढलेले होते. एम्‌जीए (१९५५–६२) हिचे १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील असून तेच मॉरिस ऑक्सफर्डमध्येही होते. ट्रायंफ टीआर-२ मधील १,९९१ घ. सेंमी.चे एंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या गाडीच्या २,०८८ घ. सेंमी.च्या एंजिनाचे भावंड होते. त्या दोघांचे तिसरे भावंड फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरमध्ये शेत नांगरीत होते. दुसऱ्या गाडीचे एंजिन घेऊन त्यातून अधिक वेग काढणे हीच या उद्योगाची रीत होती. मालकांनी पुढे जे केले ते कारखान्यांनी आधीच केलेले होते.

ब्रिटन व अमेरिका या देशांत एंजिनबदलाचा मुख्य हेतू शक्तिवाढ हा राहिला आहे. सनबीम अल्पाइनच्या अंगात फोर्डचे ४,२६१ घ. सेंमी.चे आठ सिलिंडरी एंजिन बसवून सनबीम टायगर (१९६४–६७) तयार झाली. ब्यूइक कंपनीने तयार केलेल्या अॅल्युमिनियमाच्या व्ही-आठ एंजिनाचे हक्क रोव्हर कंपनीने घेतले. ३,५२८ घ. सेंमी.चे हे एंजिन आकाराने मोठे असूनही हलके असल्याने १९६८ मध्ये मॉर्गन प्लस-८ मध्ये व १९७३–७६ या काळात एम्‌जीबी जीटी व्ही-८ मध्ये वापरले गेले. एम्‌जीबीचे चार सिलिंडरी एंजिन ओतीव लोखंडाचे व वजनदार असल्याने दुप्पट धारणक्षमतेचे हे एंजिन बसवूनही गाडीचे नाक फारसे जड झाले नाही. तथापि मागील आसाचे गुणोत्तर ३.९०९ वरून ३.०७ वर आणावे लागले आणि वाढलेले परिबल पेटीला झेपेना म्हणून ओव्हरड्राइव्ह पुढे केवळ चौथ्या गतीपुरता ठेवण्यात आला. एंजिन बदलले की त्याच्यामागची सर्व साखळी बदलावी लागते, हे कारखान्यालाही चुकविता आले नाही.

भारतातील स्थिती : भारतात हा विषय उलट्या दिशेने वाढला. येथे एंजिने बदलली ती शक्तीसाठी नव्हे, तर सुट्या भागांच्या टंचाईमुळे. १९५३ नंतरच्या धोरणाने देशात निर्मिती न करणाऱ्या मोटार कंपन्यांना येथे स्थान उरले नाही व आयातीवर कडक निर्बंध आले. स्वातंत्र्यापूर्वी व त्यानंतरच्या थोड्या वर्षांत आलेल्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे मालक हळूहळू देशात बनणाऱ्या तीन घराण्यांच्या भागांवर अवलंबून राहू लागले : उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट व मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सच्या गाड्या. यांपैकी दोन घराणी ब्रिटिश गाड्यांच्या थेट रक्ताची होती, हा योगायोग फार उपयोगी पडला.

अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली असून १९५९ मध्ये तिच्यात बी-मालिकेचे १,४८९ घ. सेंमी.चे वरच्या झडपांचे एंजिन आले. ७३.०२५ मिमी. व्यासाचे सिलिंडर व ८८.९ मिमी. धाव ही त्याची मापे एम्‌जीए १५०० च्या एंजिनाचीच आहेत. ब्रिटनमधील एम्‌जीएचे उत्पादन १९६२ मध्ये थांबले. तिच्या एंजिनाचे भारतीय भावंड मात्र त्यानंतर कित्येक दशके बनत राहिले. त्यामुळे दट्ट्ये, कडी, धारवे, तेलपंप यांसारखे झिजणारे भाग भारतीय बाजारात सहज मिळत. फरक होता तो स्वभावाचा. अँबॅसडरसाठी कमी दर्जाच्या पेट्रोलचा विचार करून संपीडन गुणोत्तर कमी ठेवलेले होते, कार्ब्युरेटर एकच होता व शक्ती सु. ५५ अश्वशक्ती होती. एम्‌जीएच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या एंजिनापासून आरंभी ६८ व पुढे ७२ अश्वशक्ती मिळे. एम्‌जीएचे शीर्ष, कार्ब्युरेटर व झडपा चालविणारा कॅमदंड शाबूत असतील, तर ते अँबॅसडरच्या ठोकळ्यावर चढवून बरीचशी मूळ शक्ती परत मिळविता येते. तळपात्र, पुढची आधारपट्टी व प्रचक्र म्हणजे फ्लायव्हील यांचे मेळ आधी पडताळावे लागतात. अँबॅसडरची दंतचक्र पेटी मात्र या कामी येत नाही. तिचा गतिपालट दीर्घकाळ सुकाणूच्या दांड्यावरील तरफेने होत असे. स्पोर्ट्‌स गाडीत ती तरफ चालकाच्या मांडीजवळ, जमिनीवर असावी लागते.

ट्रायंफच्या बाबतीतही असेच घडले. मद्रासला १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे ९४८ घ. सेंमी.चे एंजिन ट्रायंफ स्पिटफायरच्या १,१४७ घ. सेंमी.च्या एंजिनाच्या कुळातील आहे आणि स्पिटफायरचा सांगाडाही हेरल्डच्याच सांगाड्यापासून काढलेला आहे. व्हॅनगार्डच्या एंजिनातील सिलिंडरांची नळकांडी ओल्या प्रकारची, म्हणजे बाहेरून थेट शीतक पाण्याने वेढलेली व बदलता येणारी आहेत. त्यामुळे त्या एंजिनाचा ठोकळा टिकून असेल, तर बदलाचा प्रश्नच उद्‌भवू नये. तरीही अनेक जुन्या गाड्यांत जीपची वा डिझेल एंजिने बसविली गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि ‘गाडी चालती राहिली पाहिजे’ या एकाच विचारापुढे बाकीचे सारे गौण ठरले. त्या काळी काढून टाकलेली एंजिने पुष्कळदा भंगारात जाऊन वितळली. हे नुकसान भरून येणारे नाही.

भारतीय कारखान्यांचे अनुभवही येथे नोंदविण्याजोगे आहेत. महिंद्र कंपनीने जीपमध्ये प्यूजोचे २,११२ घ. सेंमी.चे डिझेल एंजिन आणले व ते रुजले. हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसडरमध्ये इसुझूचे १.८ लि.चे एंजिन पाच गतींच्या पेटीसह बसविले. जुन्या सांगाड्याला नवे एंजिन त्याच्या स्वतःच्या पेटीसह द्यावे, या पद्धतीचे ते चांगले उदाहरण आहे. याउलट स्टँडर्ड २००० (१९८५–८८) या गाडीत रोव्हर एसडी-१ चा मोठा देह व त्याखाली व्हॅनगार्डच्या कुळातील जुने दोन लि.चे एंजिन अशी जोडी जमविण्यात आली. ब्रिटनमध्ये ज्या देहात व्ही-आठ एंजिन होते, त्याला हे एंजिन अपुरे पडले आणि गाडी अपयशी ठरली.

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर : एंजिनबदल हे कारखान्याचे नव्हे, तर लहान यंत्रशाळेचे काम आहे. लेथ, मिलिंग यंत्र, वितळजोड आणि अचूक मापन यांची सोय एकमेकींपासून थोड्या अंतरावर असेल तेथेच ते नीट होते. ठाणे जिल्ह्यातील हा सलग पट्टा त्या दृष्टीने अनुकूल आहे. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींत उभ्या राहिलेल्या लहान उद्योगांवरच हे गाव वाढले. अंबरनाथला शस्त्रास्त्र निर्माणीबरोबरच १९५३ मध्ये यंत्र-हत्यारांची आद्यनमुने बनविणारी शासकीय निर्माणी सुरू झाली. तेथील व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील अभियांत्रिकी कारखान्यांमुळे कातकाम करणारा कुशल कारागीर या भागात दुर्मिळ नाही. बदलापूर हे नाव प्रवासात घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले असे सांगितले जाते. अश्वशक्ती बदलण्याच्या विषयात ही व्युत्पत्ती उल्लेखिल्यावाचून राहवत नाही.

जोडणी : बदलातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे एंजिन व परकी पेटी यांचा सांधा. दोहोंच्या बोल्टांची छिद्रे जुळत नसल्याने पोलाद वा अॅल्युमिनियम यांच्या जाड पत्र्यातून मध्यस्थ तबकडी कातावी लागते. भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट आणि पेटीचा आदान दंड यांचे अक्ष एकाच रेषेत असले पाहिजेत, सु. ०.१ मिमी.पेक्षा अधिक विकेंद्रता राहिली, तर क्लच नीट सुटत नाही व पेटीचा पुढचा धारवा लवकर निकामी होतो. म्हणून तबकडी कातण्याआधी नव्हे, तर ती बसविल्यावर दर्शक तबकडीच्या मापकाने भुजादंड फिरवून ही मोजणी करतात. पुष्कळ ठिकाणी नेमकी हीच पायरी गाळली जाते. बोल्ट बसले म्हणजे सांधा जुळला, असा समज त्यामागे असतो.

क्लचच्या तबकडीच्या मधल्या खाचा नव्या आदान दंडाशी व तिचा बाहेरचा व्यास जुन्या प्रचक्राशी जुळावा लागतो. सहसा एका गाडीच्या तबकडीत दुसऱ्या गाडीचा मधला तुंबा बसवून हा प्रश्न सोडवितात. पेटीची लांबी बदलल्याने प्रचालक दंड कापून पुन्हा जोडावा लागतो आणि नंतर तो संतुलित करून घेणे अनिवार्य असते. पेटीचा अक्ष व मागील आसाचा अक्ष शक्यतो समांतर ठेवतात. दंडाच्या दोन्ही टोकांच्या सार्वत्रिक सांध्यांवरील कोन समान नसतील, तर चाकांना मिळणारी गती एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होऊन गाडी थरथरते. ही थरथर एंजिनाची समजून एंजिनाचे आधार बदलीत राहण्याची चूक वारंवार होते.

गुणोत्तरे : दंतचक्र पेटी बदलण्याचे सर्वांत समर्थनीय कारण म्हणजे महामार्गावरचा प्रवास. एम्‌जीएला चार गती असून चौथी थेट, म्हणजे १ : १ आहे. आसाचे गुणोत्तर ४.३ व चाकाच्या एका फेऱ्यात पडणारे अंतर सु. १.९६ मी. धरल्यास एंजिनाच्या दर मिनिटाला १,००० फेऱ्यांमागे गाडीचा वेग ताशी सु. २७.३ किमी. होतो. ताशी १०० किमी. वेगाला एंजिन मिनिटाला जवळजवळ ३,६५० फेरे घेते. ८८.९ मिमी. धावेच्या जुन्या एंजिनाला हे तासन्‌तास सोसत नाही आणि चालकालाही नाही. फोर्ड सिएरामधील टाइप-९ ही पाच गतींची पेटी ब्रिटनमध्ये या कामासाठी फार वापरली गेली आहे. तिच्या पाचव्या गतीचे गुणोत्तर ०.८२ असल्याने त्याच वेगाला फेरे सु. ३,००० वर येतात. मात्र तिची पहिली गती ३.६५ म्हणजे बरीच ठेंगणी असून हलक्या गाडीत ती लगेच संपते. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढणाऱ्याला ही ठेंगणी पहिली गती उपकारक वाटेल. सपाटीवर ती निव्वळ अडथळा ठरते. आसाचे गुणोत्तर बदलून हा दोष काढू गेल्यास पाचवी गती इतकी लांब होते की एंजिन तीत गाडी ओढू शकत नाही. सर्व गतींचे व आसाचे गुणाकार कागदावर मांडल्याशिवाय पेटी विकत घेऊ नये, असे जे सांगतात ते याचसाठी. भारतात ही पेटी मिळणे अवघड असल्याने येथे देशी गाड्यांच्या पाच गतींच्या पेट्यांचा विचार करावा लागतो. त्यांची तरफ आसनाच्या मानाने कोठे येते हे आधी मोजावे, कारण तरफ पुढेमागे सरकविण्यासाठी सांगाड्याचा आडवा तुळया कापणे धोक्याचे असते.

एंजिनाचे वजन वाढल्यास पुढील कमानी, गतिरोधक व सुकाणू यांचाही पुनर्विचार करावा लागतो. कोकणपट्टीच्या उष्ण व दमट हवेत शीतनाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. एंजिनाने निर्माण केलेली उष्णता साधारणतः शक्तीच्या प्रमाणात वाढते, पण गाडीच्या नाकातील उष्णताविनिमयकाची जागा तेवढीच राहते. शीत देशात उत्तम चालणारा बदल येथे वाहतुकीच्या कोंडीत पाणी उकळवितो.

दाते एंजिन : ज्या गाडीतून एंजिन काढले जाते तिचा पूर्वेतिहास माहीत असणे आवश्यक असते. उल्हास नदीच्या खोऱ्यात २६ जुलै २००५ रोजी व पुन्हा जुलै २०१९ मध्ये मोठे पूर आले. अशा पुरात बुडालेल्या गाड्यांची एंजिने स्वस्तात बाजारात येतात. सिलिंडरात पाणी शिरले असताना एंजिन चालू केलेले असल्यास, पाणी दबत नसल्याने संयोगदांडा किंचित वाकतो; एंजिन नंतर चालतेही, पण तो दांडा केव्हातरी मोडून ठोकळा फोडतो. म्हणून दट्ट्या सर्वोच्च बिंदूवर आला असता त्याची उंची चारही सिलिंडरांत सारखी आहे का, हे पाहतात. १९९० नंतरच्या एंजिनांत इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनीय असल्याने केवळ एंजिन आणून भागत नाही. नियंत्रक, संवेदक व संपूर्ण तारजाल सोबत आणावे लागते.

इंधनाचाही विचार येथे येतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून मोटारींचे पेट्रोल शिसेरहित झाले. ओतीव लोखंडी शीर्षांतील निष्कास झडपांच्या बैठकांना शिशाचे जे संरक्षण मिळे ते त्यामुळे गेले व बैठका खचू लागल्या. २०% एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुन्या रबरी नळ्या व बुचाच्या मुद्रा खराब होतात आणि मिश्रण विरळ होते. ही दोन्ही कारणे एंजिन बदलण्यासाठी पुढे केली जातात; पण कठीण केलेल्या बैठका बसवून, नळ्या बदलून व कार्ब्युरेटरची सुई जाड मिश्रणाची घेऊन दोन्हींवर मात करता येते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. एंजिन बदलल्यास त्याची नोंद नोंदणी अधिकाऱ्याकडे व्हावी लागते. या तिन्ही गावांसाठी ते कार्यालय कल्याण येथे असून त्याचा संकेतांक एमएच-०५ आहे. एम्‌जीएसारख्या गाडीत एंजिन क्रमांकाची पट्टी ठोकळ्यावर वेगळी जोडलेली असते. जुन्या ठोकळ्यावरची पट्टी नव्यावर लावून कागदपत्रे ‘जुळवून’ घेण्याचा प्रकार सोपा वाटला, तरी तो सरळसरळ खोटेपणा आहे व पुढे गाडीचा खरा इतिहास शोधणाऱ्याची वाट त्याने कायमची बंद होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत पुरातन वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, देह वा एंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन या वर्गात येते. त्यास ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. व मुदत १० वर्षे आहे. असे वाहन नित्य वापरता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन व देखभाल यांपुरतेच ते रस्त्यावर येऊ शकते. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ वापरात असलेल्या गुणपद्धतीत गाडीची ओळख टिकविण्यासाठी आठ गुण लागत. त्यांत मूळ सांगाड्याला पाच, दंतचक्र पेटीला दोन व एंजिनाला अवघा एक गुण होता. तेथे गाडी म्हणजे सांगाडा. येथील नियमात एंजिनही तिच्या ओळखीचा भाग ठरते. टंचाईच्या वर्षांत ज्या मालकांनी परके एंजिन घालून आपली गाडी वाचविली, त्यांच्याच वारसांना आता त्या एंजिनामुळे हा दर्जा मिळणे कठीण होते. ज्यांनी बी-मालिकेचेच एंजिन वापरले त्यांची बाजू तांत्रिक दृष्ट्या बळकट असली, तरी क्रमांक वेगळा असल्याने निर्णय अखेर नोंदणी अधिकाऱ्याच्या हाती राहतो.

या परिस्थितीत परत फिरविता येण्याजोगा बदलच ग्राह्य मानला जातो : सांगाडा कापायचा नाही, बोगद्याचा पत्रा ठोकून फुगवायचा नाही, आणि नवे आधार मूळ छिद्रांतच बसवायचे. काढलेले एंजिन कोरडे करून प्रत्येक सिलिंडरात थोडे गंजरोधक तेल सोडतात, ठिणगीच्या खिळ्यांची छिद्रे बंद करतात आणि दर काही महिन्यांनी भुजादंड हाताने अर्धा-पाऊण फेरा फिरवितात. पावसाळ्यात या भागातील हवेत बाष्प इतके असते की उघड्या सिलिंडराच्या भिंतीवर एका हंगामात गंजाचे कडे उमटते. कार्ब्युरेटर, प्रचक्र, मूळ पेटी व तिचा प्रचालक दंड हे त्याच एंजिनाबरोबर, गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवतात.